बर्नर चांगलाच होता

कायानी,
रविवार, २० नोव्हेंबर २००५

प्रिय औनेवहिनी,

नमस्कार. गुडघा काय म्हणतोय या थंडीत? मी बरा आहे. तळ्याच्या काठाने बर्फ धरलाय, पण अजून पाय ठेवण्याजोगा नाही. काल होडी पालथी घालून झाकून ठेवली. तैस्तोदादा गेल्यापासून ते काम एकट्यानेच करतो आणि दरवर्षी दोन दिवस पाठ धरून बसतो. काइसूने पाठवलेला वेलदोड्याचा पाव पोचला. तुमच्या लेकीच्या हाताला तुमचीच चव आहे, असं तिला सांगा.

एवढं सांगायला पत्र कशाला, फोन करता आला असता, असं तुम्ही म्हणाल. तीनदा उचलला होता. तीनदा ठेवून दिला.

बर्नरचं सांगायचंय. गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, "इल्मो, तैस्तोचे सगळे व्हिडिओ डीव्हीडीवर घालायचेत. डिस्क लिहिणारा कुठला बर्नर घ्यायचा ते तूच बघ बाबा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." मी तीन आठवडे घेतले. आपली मशीनं विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतात; खोक्यावर लिनक्सचं नाव कधीच नसतं, आणि दुकानदाराला विचारावं तर तो आपल्याला डॉक्टरचा पत्ता देईल की काय असं वाटतं. ग्रंथालयाच्या तळघरातल्या आपल्या लिनक्स क्लबातून तीन बर्नर उसने आणले आणि एकेक जोडून पाहिला. पहिला लिनक्सला ओळखच देईना. दुसरा अर्ध्यावर डिस्क बाहेर टाकायचा. तिसरा निवडला. निवड अगदी बरोबर होती. हे लिहिताना अजूनही छाती जराशी फुगते बघा, जित्याची खोड.

तसलाच नवा आणून तुमच्याकडे मीच बसवला. सगळ्या सेटिंग्जही मीच केल्या. तुम्ही अकरा डिस्क लिहिल्यात. दर वेळी मशीनने तुतारी वाजवली आणि पडद्यावर "यशस्वी" असं आलं. तुम्ही प्रत्येक डिस्कवर तुमच्या मास्तरणीच्या अक्षरात नावं घातलीत: धक्क्याचं बांधकाम, काइसूचं लग्न, शेवटचा उन्हाळा. मग मी आलो. "सगळं डिस्कवर गेलं ना?" एवढंच विचारलं आणि नवं लिनक्स घालण्यासाठी मशीनमधलं सगळं पुसून टाकलं. तुमच्या हातची कॉफी पीत पीत. एकही डिस्क लावून पाहिली नाही.

पुढच्या गुरुवारी तुम्ही बिस्किटांच्या डब्यात त्या अकरा डिस्क घेऊन क्लबात आलात. एकही चालत नव्हती. मी पहिली उचलली, दिव्याखाली पालथी धरली, आणि मला त्याच क्षणी कळलं.

वहिनी, लिहिलेल्या डिस्कच्या पाठीवर जरा गडद असं कडं दिसतं. जिथवर लिहिलंय तिथवर रंग बदलतो. तुमच्या डिस्कवर कडं नव्हतं. दुसरीवर नाही, तिसरीवर नाही. दुकानातून आणल्या तशाच कोऱ्या होत्या.

आता काय झालं ते सांगतो. बर्नर तपासताना डिस्क वाया जाऊ नयेत म्हणून मी कोरडी तालीम करायचो. सेटिंग्जमध्ये तशी एक खूण असते. ती केली की मशीन सगळं सोंग करतं, डिस्क फिरते, टक्के पुढे सरकतात, शेवटी तुतारीही वाजते, फक्त लिहिणारा किरण पेटत नाही. माझ्या त्या सेटिंग्ज मी तुमच्या मशीनवर जशाच्या तशा उतरवल्या. खूण काढायची राहिली. तुम्ही अकरा वेळा तालीम केलीत आणि मी नाटक झालं म्हणून मंडप मोडला.

हे मला क्लबातल्या टेबलापाशीच कळलं होतं. आणि मी चारचौघांत काय बोललो? "वहिनी, स्वस्तातल्या डिस्क घेतल्यात का? की भलतंच बटण दाबलंत?" राउनो म्हणाला, "औने, स्वेटर विणायच्या सुया घातल्या असतील तू त्याच्यात!" सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि म्हणालात, "असेल बाई, माझंच चुकलं असेल." त्यानंतर तुम्ही क्लबात आला नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी क्लबाच्या यादीत त्या बर्नरपुढे लिहिलं, "वयस्करांनी टाळावा." स्वतःचं झाकण्यासाठी खापर आधी तुमच्यावर फोडलं, मग त्या मुक्या यंत्रावर.

सर्व संतांच्या दिवशी दादाच्या थडग्यावर मेणबत्ती लावताना तुम्ही म्हणालात, "इल्मो, त्याचा आवाज आठवेनासा झालाय रे. माझ्याच हातांनी घालवला मी." मी काडीवर काडी ओढत राहिलो.

तुमच्या हातांनी नाही. माझ्या. हे काइसूलाही वाचून दाखवा. येत्या गुरुवारी क्लबात उभा राहून सांगणार आहे. यादीतली ती ओळ आजच खोडली.

व्हिडिओ परत येणार नाहीत. खूप धडपडलो, त्या मशीनवर काही उरलेलं नाही. दादा एकदा मशीनमध्ये उतरवलं की त्याच दोन टेपांवर पुन्हा पुन्हा चित्रण करायचा हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण काल होडी झाकताना त्याच्या गळांच्या पेटीत तळाला एक तिसरी टेप सापडली. नऊ मिनिटांची आहे. जाळं सोडवतोय, निम्मं बोलणं वाऱ्याने खाल्लंय. कॅमेरा माझ्या हातात होता, हे मी विसरूनच गेलो होतो. सुरुवातीलाच तो माझ्याकडे बघून म्हणतो, "इल्मो, बडबड नंतर. लाल दिवा लागलाय का, ते बघ आधी."

ती डिस्कवर उतरवून सोबत पाठवतोय. त्याच जातीच्या बर्नरवर, क्लबातला पुन्हा उसना आणून. लावण्याआधी ती दिव्याखाली पालथी धरा. मधल्या भोकाभोवती बोटभर रुंद कडं दिसेल. माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः बघा.

दादाचा आणि तुमचा गुन्हेगार,
इल्मो