कुद्रेमुखचा कोरा रोल

अप्पा, मागच्या आठवड्यात तुमचा कॅमेरा कपाटातून काढला. काकांच्या टेलरिंगच्या दुकानातल्या उरलेल्या कापडात तुम्ही तो गुंडाळला होता, आणि वर तुमची ती गाठ, दातांशिवाय न सुटणारी. तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी त्या गाठीला हात लावला नाही. धीरच झाला नाही म्हणा ना.

जयलक्ष्मीपुरमच्या आपल्या स्टुडिओत एक पडदा होता. निळा डोंगर, खाली तळं, तळ्यात दोन बदकं. कॉलेजची मुलं, नवी जोडपी, सगळे त्या डोंगरासमोर ऐटीत उभे राहायचे. तुम्ही म्हणायचात, "हा डोंगर खोटा, मगळे, पोरी. एकदा खरा आणून इथं लावतो, नोडू, बघच तू." त्या फोटोसाठी पडद्याशेजारी खिळासुद्धा ठोकून ठेवला होतात. घरातले सगळे शिवणकामातले, या धंद्यात तुम्ही एकटेच. काका येता-जाता चिडवायचे, "खिळा मात्र झकास आलाय हं फोटोत!" तुम्ही हसायचात, पण खिळा काढला नाहीत.

दुकानाचा एक नियम होता. रोल घातला की झाकण लावायचं, खटका ओढायचा, डाव्या बाजूची गुंडी फिरते का बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "फिरतेय." गुंडी फिरली म्हणजे आतल्या दातांनी फिल्म धरली. तो शब्द ऐकल्याशिवाय तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावत नव्हतात. त्यासाठी मांडवात नवऱ्या मुलालाही हार हातात घेऊन ताटकळत ठेवलंत. रोल बहुतेक मीच घालायची, आणि मी म्हटलेलं मात्र तुम्ही कधी पुन्हा तपासलं नाहीत.

मला शाळेत नोकरी लागली त्या वर्षी आपण दोघं खरा डोंगर आणायला कुद्रेमुखला गेलो. दुकानाला तीन दिवस कुलूप, जन्मात पहिल्यांदा. रोल एकच घेतलात, छत्तीस फोटोंचा. "छत्तिसात मावला नाही तर डोंगर आपल्याला दिसलाच नाही म्हणायचं." दोन दिवस नुसतं धुकं. तिसऱ्या दिवशी सकाळी आपण गवताळ कड्यावर उभे आहोत आणि एकदम धुकं फाटतं. समोर हिरव्या डोंगरांच्या रांगा, घड्यांत काळी झाडी. तुम्ही कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवता आहात, वाऱ्यानं धोतर फडफडतंय. "बेगा, बेगा! लवकर रोल घाल!" मी रोल घालते, झाकण लावते, खटका ओढते. माझ्या मोज्यात जळू शिरलीय. मी म्हणते, "फिरतेय!"

त्या तासाभरात तुम्ही जसे दिसलात तसे मला पुन्हा कधी दिसला नाहीत. एकेका फोटोआधी श्वास धरून उभे राहत होतात. जीपमध्ये रोल उलटा गुंडाळायला लागलात आणि दोन फेऱ्यांतच गुंडी सैल फिरू लागली; फिल्म आत पुढं सरकलीच नव्हती. घरी आल्यावर तरीही रोल धुतलात. पट्टी काचेसारखी कोरी निघाली.

तुम्ही मला एक शब्द विचारला नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. आईनं विचारलं तेव्हा म्हणालात, "रोल मीच घातला होता. कॅमेऱ्याचे दात झिजलेत. साकु, बिडु. पुरे, सोड आता." आणि इतकी वर्षं अंगाखांद्यावर वागवलेला कॅमेरा कापडात बांधून टाकलात. मी शेजारीच उभी होते. कापडाचं टोक धरून मदतसुद्धा केली. पुढं दुसऱ्या कॅमेऱ्यावर तुम्ही पासपोर्टचे फोटो काढत राहिलात. डोंगराचं नाव घरात निघालं नाही. तो खिळा पडद्याआड गेला.

गेल्या महिन्यात मी पुन्हा कुद्रेमुखला गेले, भाच्यांबरोबर. फोनवर चिक्कार फोटो काढले. एकही प्रिंट करावासा वाटला नाही. परत आल्यावर ही गाठ सोडली. हल्ली सहजी न मिळणारा रोल शोधून आणला, घातला, खटका ओढला आणि चष्मा लावून गुंडीकडे बघत राहिले. फिरली. गच्चीवरून चामुंडीच्या टेकडीचे फोटो काढले. छत्तीसच्या छत्तीस आले.

कॅमेऱ्याचे दात शाबूत आहेत, अप्पा. हे पत्र त्याच्याबरोबर त्याच कापडात बांधून ठेवते, दुसरं कुठं टाकणार? त्या दिवशी मी गुंडीकडे बघितलंच नव्हतं.