पडद्यावरचा एवाल्ट

सोल्टाऊ, १४ ऑक्टोबर १९५४

सौ. मार्गावहिनीस,
एर्नाचा सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. आईला आवडले, पण तिला ते घालून बघायलाही फुरसत नाही. तिला सिनेमाचं वेड लागलंय. हसू नकोस! मागच्या उन्हाळ्यात इथे माळावर चित्रण झालं होतं ना, तो रंगीत सिनेमा आमच्या थिएटरात लागलाय. फुलांनी गुलाबी झालेला माळ, देखणा वनरक्षक, खानावळवाल्याची सोनेरी केसांची पोर आणि दर दहा मिनिटांनी गाणं. सबंध गावात एक पडकं घर नाही, एक लंगडा माणूस नाही, आपल्यासारखा निर्वासित तर औषधालाही नाही.

आई सात वेळा जाऊन आली. सुगीच्या नाचात मागे एक ॲकॉर्डियनवाला असतो, पाठमोरा, डावा खांदा उतरलेला. तो आपला एवाल्टच, असं ती म्हणते. लढाईनंतर आपल्याला सिलेशियातल्या घरादारातून हाकलल्यावर तो शोधत शोधत इथवर आला असणार. मी म्हटलं, पंचेचाळीसच्या जानेवारीपासून ज्या माझ्या भावाची आघाडीवरून एक ओळ आली नाही, तो सिनेमात वाजवायला कसा जाईल? तर बाईसाहेबांनी चार दिवस अबोला धरला. एवढ्यात तिच्यापाशी कोर्टात करायच्या अर्जाचं नाव काढू नकोस, वहिनी. तुझ्याकडे काय मागते आहे ते मला कळतंय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नणंद,
एर्ना

बोखुम, १९ ऑक्टोबर १९५४

प्रिय एर्नास,
मार्गाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. ब्रिंकमान तीन वर्षं थांबलाय. ट्राम चालवणारा माणूस, एरवी मिनिटभर उशीर खपवून घेत नाही, पण माझ्यासाठी थांबतो. कोर्टाने एवाल्टला मृत ठरवल्याशिवाय आमचं लग्न लागायचं नाही, आणि आईंनी हो म्हटल्याशिवाय मी अर्ज करणार नाही, असा शब्द देऊन बसले आहे. तोही मीच आपणहून दिला, निर्वासितांच्या छावणीत, त्यांचा हात हातात घेऊन. मी छत्तीस वर्षांची झाले, एर्ना. एवाल्टच्या सगळ्या सुट्ट्या मिळून माझा संसार एकोणीस दिवसांचा झाला.

तो सिनेमा इथेही लागलाय. ब्रिंकमानला न सांगता जाऊन आले. तो खांदा दिसला. आनंद नाही झाला गं, भीती वाटली. हा परत आला तर माझं काय, असं वाटलं. लिहितानाही लाज वाटते. वन्संबाई, तुमची जीभ जेवढी चालते तेवढे पाय चालवा आणि त्या माणसाचा पत्ता काढा. आता मलाही ठाम सांगता येत नाही.

मला वाईट म्हणू नकोस, आहे ती माया असू दे.
तुझी वहिनी,
मार्गा

सोल्टाऊ, १ नोव्हेंबर १९५४

सौ. मार्गावहिनीस,
सा. न. वि. वि.

माणूस सापडला. नाचातली सगळी मंडळी इथल्याच आसपासची, दोन दिवस बिअर आणि सॉसेजवर राबवलेली. हा पलीकडच्या गावचा सुतार, नाव आल्डाग. आईने आपल्याकडचा खसखशीचा केक केला, चांगला कोट घातला आणि काल रविवारी आम्ही बसने गेलो.

दार त्यानेच उघडलं. आईने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं, केक त्याच्या बायकोच्या हातात दिला आणि बसायला खुर्ची मागितली. फार भला माणूस. खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा राहिलाय, म्हणाला. वाजवायला तर मुळीच येत नाही. सिनेमावाल्यांनी रुंद पाठ बघून वाद्य गळ्यात अडकवलं, सूर मागाहून शहरात भरले. त्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तो आईची माफी मागू लागला. कशाची माफी, ते त्यालाही कळेना.  आज आई म्हणाली, मार्गाला मीच लिहिते.

आहेस तशीच आमची राहा.
एर्ना

सोल्टाऊ, ३ नोव्हेंबर १९५४

चि. मार्गास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एर्नाने सगळं कळवलंच असेल. तिला वाटतं, म्हातारीला खुळ लागलं होतं. तिसऱ्या खेळालाच मला कळलं होतं, तो आपला नव्हे. त्याची मान जाड आहे. आईला मान कळत नाही होय? तरी जात राहिले. त्या सिनेमात दिवेलागणीला सगळी माणसं घरी येतात. मला तेवढंच बघायचं असायचं. एर्नाने पत्ता आणला तेव्हा वाटलं, न जाणो, माझेच डोळे चुकले असतील. म्हणून गेले.

तुला नऊ वर्षं अडकवून ठेवलं, पोरी. माझं चुकलं. अर्ज कर. ब्रिंकमानला म्हणावं, लग्नाचा केक मी करणार, त्यात त्याच्या आईचं काही चालायचं नाही.

एकच मागते. एर्ना कचेरीत विचारून आली. ज्यांचा पत्ताच नाही, त्या सगळ्यांना कोर्ट मरणाची एकच तारीख लावतं, ३१ डिसेंबर १९४५. आपण पुरावा दिला तर आधीची मिळते. त्याचं जानेवारीतलं शेवटचं पत्र तुझ्याजवळ आहे, ते कोर्टाला दाखवू नकोस. लढाई मे महिन्यात संपली. म्हणजे कागदावर का होईना, माझ्या एवाल्टला लढाई नसलेला एक उन्हाळा मिळतो. तेवढा त्याचा त्याला राहू दे.

सून नसलीस तरी येत जा.
तुझी,
आई