एका टोपलीचा अर्क

प्रिय रिदा,

अक्षर तुझ्या मुलीचं, तोंड माझं. इबतिहालला बजावलंय, मी बोलेन ते सगळं उतरवायचं, शिव्यासुद्धा. ती म्हणते, "आजी, मग कागद पुरायचा नाही." पाकिटावर पत्ता कुठला घालू, असंही विचारत होती. तो शेवटी सांगेन म्हटलं.

यंदा इथं आपल्या नाबुल गावात नारिंगाचा बहर वाऱ्यानं झोडपला. माझ्या वाट्याला फुलांची एकच टोपली आली. अर्काचा तांब्याचा हंडा चुलीवर चढवला. तोच, घरात आपण सहाजण होतो तेव्हाचा. फुलांना पाणी नेहमीच्या प्रमाणात. पन्नास वर्षांत माझा हात चुकलेला नाही. आणि जळलं की रे! एवढ्या मोठ्या हंड्याच्या तळाशी बोटभर पाणी, ते कधीच आटून गेलं. शेजारची मन्नुबिया भिंतीवरून म्हणते कशी, "मावशी, लोक फुलांचा अर्क काढतात, तू धुराचा काढलास होय?" मी म्हटलं, "प्रमाण बरोबर होतं." तर म्हणे, "मग ईदला पाहुण्यांच्या हातावर प्रमाणच शिंपड!"

तुझी मुलगी मात्र हसली नाही. त्याच आठवड्यात तिचंही असंच जळलं होतं, सराव परीक्षेत. कुठल्याशा पदार्थात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन किती ते दिलेलं. हिनं काढलं, एकास दोन, दोनास एक, आणि उठली. मास्तरांनी लाल शाईनं लिहिलं, 'हे प्रमाण झालं. पदार्थ कुठे आहे? वजन पाहा.' वजन खाली दिलंच होतं, एकशेऐंशी. हिच्या एका वाट्याचं भरत होतं तीस. म्हणजे असे सहा वाटे, आणि पदार्थ द्राक्षातली साखर. पहिल्याला म्हणे मूलानुपाती सूत्र म्हणतात, दुसऱ्याला रेणुसूत्र. ही नावं हिनं लिहिली, माझी जीभ तेवढी वळत नाही. पण पुढचं तिनं सांगितलं ते मनात रुतलं. तोच वाटा एकटा राहिला तर प्रेतं टिकवायचं औषध होतं. दोन जोडले की आंबट सिरका. सहा जोडले की साखर. मी विचारलं, "सामान तेच?" "तेच, आजी. प्रमाणही तेच." मी म्हटलं, अल्लाला काही म्हणून साधं करता येत नाही.

तेव्हापासून मी घर मोजत बसते. तुझे बाबा, मी, तू, तुझी बहीण, तुझी बायको झोहरा आणि पाळण्यातली ही. सहा. भांडायचो, पण गोड होतो. बाबा गेले, बहीण लग्न होऊन गफ्साला गेली, झोहरा गेली, आणि तिचा चाळिसावा झाला त्या दिवशी तू समुद्रापलीकडं जाणारी बोट पकडलीस. उरलो दोघी. सिरका झालो, मी हिला टोचते, ही मला. हे लिहिताना हसतेय बघ. आता परीक्षेत पास झालीय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोनास्तिरला जाणार, औषधं शिकायला. मग मी एकच वाटा. त्याचं काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

पुढचं ऐकून हिचा हात थांबेल, म्हणून शेवटाला ठेवलं. रिदा, तुझी पत्रं आली. सगळी. अकरा. ही शाळेत असताना पोस्टमन द्यायचा, मी पिठाच्या डब्यात तळाशी घालायचे. एकही वाचून घेतलं नाही. वाचायला हिच्याशिवाय होतं कोण? आणि पहिल्याच पाकिटात तू 'मुलीला पाठव' म्हटलं असशील, ही भीती. हिला सांगितलं, बाप विसरला. लिही, इबतिहाल. हेसुद्धा लिही. उठून हिनं डबा ओतलाय, स्वयंपाकघरभर पीठ. पाकिटं मांडीवर घेऊन बसलीय, एकही फोडलेलं नाही. म्हणते, ज्यानं लिहिली त्यानंच वाचावीत. त्या शनिवारच्या आत ये रे बाबा. माझं तोंड बघायचं नसेल तर मी मन्नुबियाकडे जाऊन बसते. पण हिला रिकाम्या हातांनी जाऊ देऊ नकोस. तुझा पत्ता त्या पाकिटांच्या पाठीवर आहे. ही तो उतरवून घेतेय. कागदावर पीठ दिसलं, तर ते माझ्या हातचं समज.

तुझीच, पीठ गोळा करत बसलेली
आई