एकाच बादशहाच्या राज्यात दोन पोरी

ग्लासगो, ता. १२ फेब्रुवारी १९२९

मासूमाच्या आईस दाऊदचा सलाम. आमची आगबोट सुखरूप बंदरात लागली. खोकला आहे, पण थोडाच. बाबांचे गुडघे कसे आहेत?

एक गोष्ट पाहून मी पार हबकलो आहे. वाटेत इंग्लंडात लिव्हरपूलला उतरलो होतो, तिथल्या आमच्या खाणावळीच्या बाईला एल्सी नावाची मुलगी आहे. पोर फार हुशार. पण मोठ्या शाळेत फुकट जागा थोड्या, हिची हुकली, आणि फी भरायची आईची ऐपत नाही. आता ती कपडे धुण्याच्या कारखान्यात जाते. तिचे हात बघवत नाहीत. साहेबाच्या स्वतःच्या देशात असं!

इथे स्कॉटलंडात मात्र गोदीवरच्या हमालाची मुलगी मोठ्या शाळेत शिकते. मी त्याला विचारलं, "फी कशी परवडते?"

"फी कसली? खर्च सरकारी आहे," तो म्हणाला.

मला खरंच वाटेना. पुन्हा विचारलं तर तो हसायला लागला. बादशहा एकच, मध्ये आगगाडीची एका दिवसाची वाट, आणि सरकारचा हात इथे सैल, तिथे आखडता! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

माझ्या थोरल्या भाईंनी कळवलंय, मासूमाला आता शाळेतून काढून घरी बसवावं. तू काढू नकोस. ते रागावले तर माझं नाव सांग. एल्सी आता पुस्तकाकडे बघतसुद्धा नाही, असं तिची आई रडत सांगत होती. आपल्या मासूमाचं तसं मला ऐकायचं नाही.

घरातल्या धाकट्यांना दुवा.

तुझा,
दाऊद