वारुळाचा कोपरा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

तेलगाव,
२८ जुलै २०२४

ती. सौ. अक्कास,
राजेश्वरचा सा. न. वि. वि.

इकडं दुकान, पोरं सगळं खुशाल. दाजींचा गुडघा कसा हाय ते कळव. पंचमी जवळ आली. दरसाल तुला आणायला मी स्वतः येतो, यंदा मात्र येऊ नको म्हणतोय. कावून, ते फोनवर बोलवंना, म्हणून हे पत्र.

ओढ्याकाठच्या आपल्या रानाचे प्लॉट पडले, तुला ठाऊकच हाय. गाव लई फुगलं. तुमच्या शिरूरकडची माणसं पाण्याच्या आशेनं इथं घरं बांधायलीत. तुझ्या रेवणलाबी कडुलिंबाखालचा कोपरा दिला. परवा त्याच्या पायासाठी जेसीबी आला अन् तिथलं वारूळ एका झटक्यात सपाट झालं. आतून दोन धामणी निघाल्या. मजुरांनी ठेचल्या. मी छत्री धरून उभा होतो अक्का, नको म्हणायला तोंड उघडलं न्हाई.

आता तू लाह्या घेऊन आलीस तर पुजायला कुठं नेऊ? लई शरम वाटते. धाकट्यावरची माया कमी करू नको.

तुझा,
राजेश्वर

शिरूर कासार,
४ ऑगस्ट २०२४

चि. राजेश्वर यास,
अ. उ. आ.

आरं मुडद्या, पंचमीच्या आदल्या दिवशी आमी बायका भावासाठी उपास धरतो अन् दुसऱ्या दिवशी वारुळाला जाऊन नागाला भाऊ म्हणतो. लहानपणापासून मला दोन भाऊ. तू एक अन् तो एक. तुझ्यादेखत त्याचं घर पाडलं अन् तू छत्री सांभाळीत बसलास!

दोन दिवस तुझा राग राग केला. मग माझंच मन मला खाया लागलं. मामाकडं तो कोपरा माग म्हणून रेवणला सांगितलं कुणी? मीच. टँकरमागं घागरी घेऊन पळण्यात माझा जन्म गेला, सुनेचा तरी जाऊ नये म्हणून. वारूळ तिथंच हाय हे मला ठाऊक न्हवतं का? पण तेव्हा डोळ्यांपुढं नुसता नळ दिसत होता.

यंदा भिंतीवर नाग काढून पुजते. लिंब तेवढा तोडू देऊ नको, झोका बांधाया लागंल. वेळेवर जेवत जा, अन् बहिणीला अंतर देऊ नको.

तुझी,
अक्का

तेलगाव,
६ जुलै २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

रेवणची घरभरणी होऊन दोन महिने झाले. तुझ्या सुनेच्या, रोहिणीच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, पोरगी खूश हाय. लिंब मात्र राहिला न्हाई. विजेच्या तारंला आड आला म्हणून तोडला. मी गेलतो अडवायला, पण उशिरा.

उंदरांनी कॉलनीत धुमाकूळ घातलाय. दुकानातली शेंगदाण्याची पोती फाडली, परवा पाळण्यात तुझ्या नातीचा कान कुरतडला. धामणी होत्या तवर उंदीर नजरंला पडत न्हवता. ओढ्यात पाईप घालून वरनं रस्ता केला, त्यामुळं उरलेसुरले साप आता घरात शिरायलेत.

पंचमीला लेकाच्या घरी ये. मला रागाव, पण ये. असाच जीव लावत जा.

तुझा,
राजेश्वर

शिरूर कासार,
३ ऑगस्ट २०२५

चि. राजेश्वर यास,
अ. उ. आ.

मी आले अन् तू नेमका माजलगावच्या मोंढ्यात माल घ्यायला गेलास. मला चुकवायला गेलास, कळलं बरं. तुझ्या माघारी काय झालं ते रेवण सांगायचा न्हाई, म्हणून लिहिते.

रोहिणीनं भिंतीवर गेरूनं नाग काढला. मी खाली लाह्या ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. लाह्यांवर उंदीर आला अन् त्याच्या मागं मोरीतनं धामण. उंदीर पळाला. ती तिथंच थांबली, जिथं आपलं वारूळ होतं. रोहिणी किंचाळली, पाळण्यात नात रडाया लागली. धामण हाय, विषारी न्हाई, हे मला दिसत होतं. दार उघडा, जाऊ द्या, एवढंच म्हणायचं होतं. अन् मी कोपऱ्यातली काठी उचलून रेवणच्या हातात दिली. पंचमीला आपण साधी भाजी चिरत न्हाई रे.

पुरणाची दिंडं तशीच राहिली. आता तुला कोणत्या तोंडानं बोलू? तू नुसता उभा होतास. पुढल्या साली पळू नको, घरी थांब.

आदल्या दिवशी उपास धरलाच होता, दोघांसाठी. तू तरी अक्कावर माया ठेव. त्या दुसऱ्याला आता असं म्हणायला मला तोंड न्हाई.

तुझी,
जगदेवी