बाग, उजेड आणि दारातलं माणूस

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

संशोधन संस्थेत लागल्याची बातमी तू एव्हाना गल्लीभर केली असशील. आपल्या घरातली पहिली पदवीधर आता स्वर्गाचा शोध लावणार, असंही सांगितलं असशील. तर जरा दमानं घे.

काम असं आहे. हृदय बंद पडून परत सुरू झालेली माणसं मधल्या वेळात काय पाहतात, हे विचारायला मी सरांबरोबर रुग्णालयात जाते. मला वाटलं होतं, माणसाला न कळलेल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीच्या उंबऱ्याशी आपण उभे राहू. प्रत्यक्षात मी थुंकीचं भांडं धरून उभी असते आणि सर त्याच माणसाला विचारतात की तिथे सुगंध फुलांचा होता का. काय दिसलं, असं ते कधी विचारत नाहीत. उजेड कोणत्या बाजूनं आला, असं विचारतात. बिस्किटाचा हात पेशंटच्या चादरीला पुसतात आणि रडणाऱ्या चेहऱ्याचा फोटो आधी काढून मग रुमाल देतात. मला त्यांची किळस येते.

त्यांना तीनच गोष्टी लागतात: बाग, उजेड आणि आपलं गेलेलं माणूस दारात उभं. एका आचाऱ्याला फक्त करपलेल्या दुधाचा वास आला. एका बस कंडक्टरला स्वतःच्या पायाचा अंगठा दिसला, बाकी काही नाही. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण असं कोण कशाला रचून सांगेल? सरांनी दोघांनाही 'रिकामे' म्हणून बाजूला टाकलं.

शेवटी मी त्यांना बाबांचं सांगितलं. गेल्या वर्षी बाबांचं हृदय थांबलं होतं आणि शुद्धीवर आल्यावर ते सरळ म्हणाले होते की दुकानाचं शटर पडावं तसं झालं, पलीकडे काही नव्हतं. प्रामाणिक साक्ष कशी असते, हे सरांना कळावं म्हणून सांगितलं. त्यांनी गोड हसून पत्ता विचारला.

नेहमीसारखं हे पत्र बाबांना वाचून दाखव. खुर्च्यांना गाद्या चढवून त्यांचे हात डिंकानं माखलेले असतात, हे त्यांचं जुनं निमित्त मला पाठ आहे.

माया आहे तशीच ठेव.
तुझी भाची

१९ जून

चि. पंडितीणबाईस,
अ. उ. आ.

तुझे साहेब येऊन गेले. एवढी मोठी गाडी की आमच्या वर्कशॉपचं दारच झाकलं. बसा म्हणायच्या आत ते अर्धवट भरलेल्या खुर्चीवर बसले आणि स्प्रिंग टोचून ताडकन उठले. मी शिलाई मशीनवर होते म्हणून तोंड लपवता आलं.

पण पुढचं ऐकून हसू पळालं. साहेबांनी तुझ्या बाबाला विचारलं, तर त्यानं तोंडात धरलेले खिळे काढून हातावर घेतले आणि धडाधड सांगायला लागला. बाग होती म्हणाला. उजेड डाव्या बाजूनं आला म्हणाला. आणि दारात तुझी आई उभी होती, तिनं तुझी चौकशी केली, असंही म्हणाला. साहेबांनी डोळे पुसले आणि सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. या सगळ्या साक्षींचं ते पुस्तक काढतायत, त्यावर त्यांच्या नावाशेजारी तुझं नाव छापणार म्हणाले. तेव्हापासून हा गडी गल्लीतून छाती काढून फिरतोय.

मी तुझं पत्र मोठ्यानं वाचत होते, तेव्हा एरवी घोरणारा हा माणूस जिवाचे कान करून का ऐकत होता, ते आता कळलं. मला हे पटलेलं नाही, पण परक्या माणसासमोर भावाला खोटं कसं पाडू? तू काय ते ठरव.

जेवत जा. अभ्यासानं पोट भरत नाही.
तुझी आत्या

२४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी पहिल्यांदा हात धुतले. का, ते सांगता येत नाही.

सरांची मला किळस होतीच, पण ती बाहेरची होती. आता ती घरात शिरली. बाबांनी माझ्याच पत्रातून उत्तरं उचलली आणि मलाच बक्षीस म्हणून दिली. आईला त्यात ओढलं. सर आता प्रश्न विचारण्याआधी प्रत्येक खाटेशी बाबांचं रेकॉर्डिंग लावतात, पेशंटला धीर यावा म्हणून. परिणाम असा की वॉर्डात जो तो डाव्या बाजूचाच उजेड सांगतो. आचारीसुद्धा काल म्हणाला की नीट आठवलं तर करपलेल्या दुधामागे बाग असावी. त्याची ती एक खरी गोष्टही आम्ही नासवली.

मी सरांना सांगितलं की हे खोटं आहे. ते म्हणाले, बापाचा स्वर्ग खोटा ठरवायचा अधिकार मुलीला नसतो. ज्यानं साक्ष दिली त्यानंच मागे घ्यावी. पुस्तक सोमवारी छपाईला जातंय. बाबांना म्हणावं, त्याआधी फोन करा. नाहीतर ज्या पुस्तकावर माझं नाव आहे, त्यात माझ्या बापाची थाप पहिल्या पानावर असेल, आणि ती वाचून कुणीतरी मरायला टेकलेला माणूस निश्चिंत होईल. तो विश्वास आपण चोरलेला असेल.

रागावू नकोस माझ्यावर.
तुझी भाची

३० जून

चि. पंडितीणबाईस,
अ. उ. आ.

पत्र वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही, तू हात धुतलेस तेही वाचलं. तो ताटावरून उठला.

आधी खूप हट्ट केला. म्हणाला, जन्मभर मोडक्या खुर्च्यांवर चांगलं कापड चढवलं, कुणी मला लबाड म्हणालं नाही. पोरीच्या नावापुढे दोन अक्षरं चढवली तर बिघडलं काय? मी म्हणाले, खुर्चीवर बसणाऱ्याला आत लाकूड आहे हे ठाऊक असतं, तू तर लाकूडच नसताना गादी विकलीस. त्यावर हातोडी उचलून वर्कशॉपात गेला.

शुक्रवारी त्यानं फोन केला. मी पडद्याआड उभी होते, लाज कसली त्यात. बाग नव्हती म्हणाला. उजेड नव्हता म्हणाला. साहेब काही बोलले असावेत, कारण हा बराच वेळ ऐकत राहिला. मग दारातल्या तुझ्या आईचं निघालं. तेवढं राहू द्या, म्हणाला, आणि फोन ठेवला. मी विचारलं, अरे, तेही खोटंच ना? तर मला म्हणतो, ताई, तुला काय करायचंय.

साहेबांनी काय ठरवलं ते तुला कळेलच. त्याला फार टोचून लिहू नकोस. मी टोचायला इथे आहे.
तुझी आत्या

८ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सरांनी काहीच बदललं नाही. झटक्यातून उठलेली माणसं पुढे विसरतात, म्हणून पहिलीच साक्ष धरायची, असा त्यांचा नियम निघाला. हा नियम त्यांनी माझ्यासमोर, चहा पिता पिता तयार केला. मी माझं नाव काढायला लावलं आणि नोकरी सोडली. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि पाठ थोपटली. तो सदरा मी अजून धुतलेला नाही. कोपऱ्यात पडलाय आणि हात लावायला नको वाटतो.

खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. तोवर आचाऱ्याला आणि कंडक्टरला पुन्हा भेटणार आहे. त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं ते, जसंच्या तसं, कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. कोण छापेल, ठाऊक नाही. गल्लीत विचारलं तर सांग की स्वर्ग सापडला नाही, पोरगी अजून शोधतेय.

बाबांवरचा राग उतरला असं म्हणणार नाही. पण आता सगळ्यात जास्त किळस मला माझीच येते, आणि ती का, हे तुलाच लिहू शकते. तुझं पहिलं पत्र आल्यापासून, बाबांचं ते सांगणं खोटं आहे हे पक्कं ठाऊक असून, भांडी घासताना, रस्ता ओलांडताना एकच प्रश्न माझ्या जिभेवर येतो. दारात उभी होती तेव्हा आई कशी दिसत होती? होती तशीच, की थोडी वय झालेली? माझ्याबद्दल नेमकं काय विचारलं तिनं? सर पेशंटला विचारतात ना, अगदी तसे प्रश्न.

म्हणून बाबांना हे पत्र वाचून दाखवताना हा शेवटचा भाग गाळ. मी घरी येईन तेव्हा बाबांना माझ्याजवळ एकटं बसू देऊ नकोस. मी विचारेन, आणि ते सांगतील.

असशील तशी माझ्या बाजूला राहा.
तुझी भाची