दोनदा नापास झालेली मुलगी

४ ऑगस्ट
संकल्प: यंदा बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. समुपदेशकाचं कामच ते. आज नवी केस. दुसऱ्या वर्षाची मुलगी, संख्याशास्त्रात दोनदा नापास. तिसऱ्यांदा विषय राहिला की विद्यापीठातून नाव कमी. दार लावलं, पाणी दिलं. 'वर्गात बसलं की मला...' असं काहीसं तिने सुरू केलं आणि मला माझं स्वतःचं नापास होणं आठवलं. सांगितलं. पाऊण तास कसा गेला कळलं नाही.

११ ऑगस्ट
तिला चार रंगांत टाइमटेबल करून दिलं. झोप निळ्या रंगात. झोपच येत नाही म्हणाली, म्हणून निळा आणखी ठळक केला. निघताना हो सर म्हणाली. गाडी रुळावर येतेय.

१८ ऑगस्ट, दुपारी
आज रडली. चांगलं लक्षण. लगेच धीर दिला, फार वेळ रडू दिलं नाही, पुढच्याची वेळ झाली होती. पुढचा आलाच नाही. बायकोला हे सांगितलं तर तिने विचारलं, का रडली? म्हटलं, ते महत्त्वाचं नसतं. तिला यातलं काय कळणार.

२५ ऑगस्ट
आली नाही. अभ्यासाला लागली असणार. फोन करणार होतो, पण सेमिनारच्या स्लाइड्स राहिल्या होत्या.

८ सप्टेंबर
सलग तिसऱ्यांदा गैरहजर. नियमाप्रमाणे फाइल बंद. कारणाच्या रकान्यात 'आता मदतीची गरज नाही' असं लिहिलं. लिहिताना ऊर भरून आला. सेमिनारला हीच केस मांडणार.

१५ सप्टेंबर
तिचे वडील आले होते. नाव काढून घ्यायच्या अर्जावर माझी सही हवी होती. पोरीने परीक्षेचा फॉर्मच भरला नाही म्हणाले. घरी आहे, खोलीबाहेर येत नाही, कुणाशी चकार शब्द बोलत नाही. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हळूच विचारलं, तिला नेमकं होतंय तरी काय, तुम्हाला सांगितलं असेल ना.

फाइल उघडली. चार पानं भरून मी काय काय सांगितलं ते. तिने काय सांगितलं, याची एक ओळ नाही. फार वाईट वाटलं. या खुर्चीत इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

म्हणालो, हे सगळं गोपनीय असतं, आम्हाला सांगता येत नाही.

बरोबर आहे म्हणाले. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. चला, म्हणाले, निदान तुमच्याजवळ तरी पोर मोकळेपणाने बोलली.

सही केली.